जवारीचा ठसा

झरीना मुजावरनं विक्रांत शिरोळेला बुडवायचं ठरवलं ते भर दुपारी, कचेरीत, शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला जात असताना.

तिच्या पडद्यावर एक साधी सूचना आली होती. 'मजकूर एक, नावं दोन.' अशा सूचना त्या महिन्यात ढिगानं येत होत्या आणि कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. झरीनाही बघणार नव्हती. पण दोन नावांतलं पहिलं होतं 'जवारी' आणि दुसरं 'स्वरांकुर'.

कुणीतरी तिच्यापुढं बशी धरली. "घे ना गं."

"नको," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पुण्याबाहेर टेकडीला लागून असलेल्या त्या इमारतीला सगळे 'कोठार' म्हणत. रुग्णालयांतली, आगगाड्यांतली, धरणाच्या दरवाजांतली, माणसांच्या अंगात बसवलेली देशातली बहुतेक यंत्रं आपलं सॉफ्टवेअर इथूनच घेत. सॉफ्टवेअर कुणी एकटा माणूस मुळापासून लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे घेतो, आपले चार जोडतो. या तुकड्यांना पॅकेज म्हणतात, आणि एका पॅकेजच्या पोटात आणखी पाच-पन्नास असतात. हे सगळं सांभाळायचं आणि मागेल त्याला द्यायचं, हे कोठारचं काम.

पूर्वी पॅकेज नावानं मागितलं जाई. त्यातच घात झाला. कुणीतरी नाव तेच ठेवून आतला मजकूर बदलला आणि एका सकाळी देशभरातल्या अतिदक्षता विभागांत सलाइनचे पंप चुकीच्या वेगानं चालू लागले. माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि 'ठसा पद्धत' आली.

ठसा म्हणजे काय, तर फाइलीतला सगळा मजकूर एका गणिती सूत्रातून काढायचा. दुसऱ्या टोकाला आकडे-अक्षरांची एक लांब ओळ येते. ती ओळ हाच फाइलीचा ठसा आणि हाच तिचा कोठारातला पत्ता. मजकुरातला एक स्वल्पविराम हलवा, ओळ पार वेगळी येते. म्हणून आता 'अमक्या नावाची फाइल द्या' असं कुणी म्हणत नाही. 'अमक्या ठशाची द्या' म्हणतात, आणि हाती पडलेली तीच आहे का, हे पुन्हा ठसा काढून पडताळतात. यातून आणखी एक गोष्ट आपोआप होते. दोघांनी तीच फाइल दोन नावांनी ठेवली, तरी ठसा एकच येतो. मग कोठारात ती एकदाच राहते आणि दोन्ही नावं तिच्याकडं बोट दाखवतात. शिवाय पॅकेजचा ठसा काढताना त्याच्या पोटातल्या तुकड्यांचे ठसेही धरले जातात. तळातला एक दगड काढला, तर वरपर्यंत सगळ्या मजल्यांचे पत्ते खोटे पडतात.

जुनं सगळं या पद्धतीत आणण्याचं काम चालू होतं, आणि झरीना त्या कामावर होती. जुन्या कोठारातून पुसलेली पॅकेजंसुद्धा सुटली नव्हती. पूर्वी पुसणं म्हणजे नुसतं नाव काढून टाकणं असे. मजकूर राखीव साठ्यात तसाच पडून राही. आता त्या साठ्याचेही ठसे निघत होते. विक्रांतनं पुसलेली 'जवारी' अशी वर आली.

त्यानं वरचं नाव बदललं होतं. आतल्या बऱ्याच फाइली फिरवून लिहिल्या होत्या. पण मधल्या एका मोठ्या कोष्टकाच्या फाइलीतला एकही आकडा त्यानं हलवला नव्हता. हलवणार कसा? ते कोष्टक त्याला कळतच नव्हतं.

ते मिरजेत एका तंबोऱ्यांच्या दुकानात तयार झालं होतं. दुकान झरीनाच्या वडिलांचं, दस्तगीर मुजावरांचं. भोपळा निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत ते सगळंच करत, पण गवई लांबून येत ते त्यांच्या जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार तिला पुरती टेकत नाही आणि पुरती सुटतही नाही. मग एका तारेतून अनेक सूर उमलतात आणि आवाज भरून येतो. ती जवारी. हे काम कानाचं आहे. झरीना इंजिनिअरिंगला असताना एका जहाल औषधानं अब्बांचे कान गेले.

सरकारी योजनेतून यंत्र बसलं. कानाच्या आतल्या शंखात एक बारीक तार सरकवतात. तिच्यावर विजेचे थोडेसे ठिपके असतात. यंत्र बाहेरचा आवाज पकडतं, त्याच्या टिचक्या करून त्या ठिपक्यांवर मारतं आणि मेंदूला ते ऐकणं वाटतं. पण निसर्गाच्या कानात हजारो तंतू, इथं बोटांवर मोजण्याइतके ठिपके. बोलणं कळतं. दोन ठिपक्यांच्या मधले सूर मात्र सगळे हरवतात.

"माणसं समजतात, बेटा," अब्बा म्हणाले होते. "तार नाही समजत. पत्र्यावर कुणी वाळू ओततंय असं वाटतं."

झरीनाला एक युक्ती सापडली. शेजारच्या दोन ठिपक्यांना एकाच वेळी न टिचकता किंचित मागंपुढं टिचकलं, तर मेंदूला त्यांच्या मधला सूर ऐकू येतो. किती मागंपुढं म्हणजे कोणता सूर, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ती तार छेडायची, आकडा बदलायची. अब्बा डोळे मिटून मान हलवायचे. नाही. हाही नाही. जवळ आलीस, परत लांब गेलीस. कॉलेज संपलं, नोकरी लागली, सुटली, आणि एका संध्याकाळी अब्बांनी तिचा हात घट्ट धरला. "आली," ते म्हणाले आणि दुकानाचं दार लावून घेऊन लहान मुलासारखे रडले.

विक्रांत तिचा वर्गमित्र, सांगलीचा. डॉक्टर शोधणं, अर्ज करणं, चार लोकांत बोलणं त्यानं केलं. ईदला तो त्यांच्याकडं जेवायचा, दिवाळीला ती त्याच्याकडं. 'जवारी' कोठारात ठेवली ती दोघांच्या सामाईक खात्यातून. लेखक म्हणून नाव झरीनाचं. कुणीही वापरावी, फक्त नाव राखावं, एवढीच अट. वर्षभरानं एके दिवशी 'जवारी' तिथं नव्हती. 'स्वरांकुर' नावाचं पॅकेज होतं, आणि विक्रांतची 'निनाद' ही कंपनी होती. झरीनानं तक्रार केली. कोठारच्या समितीनं विचारलं, तुमचं पॅकेज कोठारात कुठं आहे, दाखवा; घरच्या प्रतीवर तारीख कुणीही टाकतं. तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं.

तिथंच थांबलं असतं तरी तिनं कदाचित गिळलं असतं. पण निनादच्या वकिलांनी रुग्णालयांना नोटिसा धाडल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला ज्या रुग्णांच्या यंत्रांत आहेत, त्या काढून टाका. यादीत एक नाव होतं, दस्तगीर मुजावर. रुग्णालय घाबरलं. अब्बांना तपासणीला म्हणून बोलावलं, त्यांच्या कानातून जवारी काढून घेतली आणि ती घरी परत भरता येऊ नये म्हणून यंत्र कुलूपबंद केलं. परत वाळू सुरू झाली.

अब्बांनी काही दिवस ती सोसली. मग यंत्र उतरवून खिळ्याला टांगलं. "हे असलं ऐकण्यापेक्षा काही नको," म्हणाले. दुकान भाच्याला दिलं. पुढच्या थंडीत ते गेले.

*

कोठारच्या संचालक सरमळकर मॅडम यांनी झरीनाचा अर्ज सावकाश वाचला.

"हा मी इथली कर्मचारी म्हणून देत नाहीये," झरीना म्हणाली. "लेखक म्हणून देतेय. पडताळणी दुसऱ्या कुणालाही सांगा."

कायद्यानं लेखकाला एक हक्क होता. ज्यानं फाइल पहिल्यांदा ठेवली, तो ती जाहीर सूचना देऊन महिन्याभरानं मागं घेऊ शके. आपल्याच लिखाणात धोका आढळला तर उपयोगी पडावा म्हणून ते कलम होतं. अंगातल्या यंत्रांना नियम आणखी कडक. त्यांनी रोज सकाळी सुरू होताना पोटातला प्रत्येक ठसा कोठाराशी पडताळायचा, आणि मागं घेतलेला असेल तर तो चालवायचाच नाही.

"कोर्टात का जात नाहीस? आता पुरावा आहे तुझ्याकडं."

"कोर्टात त्याला वकील मिळतील, तारखा मिळतील. अब्बांना एक नोटीस मिळाली होती, मॅडम."

"आणि ज्यांच्या कानात हे आहे, त्यांचं काय?"

"यंत्रं साध्या अवस्थेत जातील. बोलणं कळेल, सूर नाही. माझ्या वडिलांना जेवढं ठेवलं होतं, तेवढं. आणि त्याच दिवशी मी नवी जवारी ठेवतेय. कोष्टक तेच, वर अब्बांच्या नावाची एक ओळ. तेवढ्यानं ठसा बदलेल. अट एवढीच, विक्रांतनं आत कुणाचं काय आहे ते जाहीर करावं आणि ही घ्यावी. संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत होईल."

"म्हणजे तू त्याच्याकडून कबुली घेतेयस."

"हो."

मॅडमनी चष्मा काढला. "एवढंच हवंय तुला?"

"नाही," झरीना म्हणाली. "पण एवढं मिळण्यासारखं आहे."

सूचना लागली तसा विक्रांत स्वतः आला. कोठारच्या उपाहारगृहात तिच्यासमोर बसला. अंगानं भरला होता, कानशिलं पांढरी झाली होती.

"झरी, हे काय चालवलंयस?"

"झरीना."

"बरं, झरीना. मी नसतो तर तुझी जवारी मिरजेच्या एका खोलीत पडून राहिली असती. आज हजारो माणसं गाणं ऐकतायत. ते कुणामुळं?"

"तुझ्यामुळं. नाही कुठं म्हणतेय मी?"

"मग?"

"मग त्या हजारोंतून माझा बाप तू वगळलास."

त्यानं नजर फिरवली. "ते वकिलांनी केलं. मी ती नावं पाहिलीसुद्धा नव्हती."

"सही तुझी होती, विक्रांत."

त्यानं कप बाजूला सारला. मग वर बघून शांतपणे म्हणाला, "आईला ऐकू येत नाही आता. तीही निनादच लावते. माहितेय तुला?"

झरीनाला माहीत नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं आणि त्यानं ते वाचलं. त्याचे खांदे सैल झाले.

"तू नाही करणार," तो उठत म्हणाला. "मी ओळखतो तुला."

*

शनिवारी झरीना सांगलीला विक्रांतच्या आईकडं गेली. खांद्यावरच्या पिशवीत यंत्रात सॉफ्टवेअर भरायची डबी आणि वायर होती. नवी जवारी अंगातल्या यंत्रांना परवानगी देणाऱ्या मंडळाकडं मान्यतेला गेली होती; लेखिका म्हणून चाचणीसाठी ती कुणाच्याही यंत्रात, त्याच्या संमतीनं, बसवायची तिला मुभा होती. ज्या बाईनं दर दिवाळीला आपल्याला स्वतःच्या ताटातला खास तुकडा उचलून दिला, तिच्या कानात एक दिवसही वाळू जाऊ द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

काकू थकल्या होत्या, पण डोळे तसेच होते. "ये की गं! किती वर्षांनी! बस, बस." कानामागच्या यंत्राला हात लावून म्हणाल्या, "आता सगळं ऐकू येतं बघ. भजनाला जाते परत. पेटीचा सूरसुद्धा कळतो."

त्यांनी लाडवाची बशी पुढं ठेवली. झरीनानं विषय काढला. विक्रांतनं काय केलं, ते मोजक्या शब्दांत सांगायला लागली. काकूंनी तिला मध्येच थांबवलं.

"मला ठाऊक आहे गं. त्यानं विचारलं होतं तेव्हा मला. दोघांचं नाव लावू का, म्हणून."

झरीनानं हातातला लाडू परत बशीत ठेवला.

"मीच म्हटलं त्याला, अरे, डोक्यात बसवायची वस्तू. मुजावरच्या पोरीनं केलीय म्हटल्यावर लोक घेतील का? दिवस कसले आलेत! तू राग मानू नकोस हं. मी आपलं व्यवहाराचं बोलले. तुझ्याविषयी मनात काही नव्हतं माझ्या." आणि त्यांनी आणखी एक लाडू तिच्या बशीत ठेवला. "खा की."

"आणि अब्बांच्या यंत्रातून काढलं, ते?"

"ते मागाहून कळलं. वाईट वाटलं हो. पण आता वयही झालं होतं की त्यांचं."

काकूंच्या बोलण्यात खोट नव्हती. त्या खरोखरच मायेनं बोलत होत्या, आणि तेच झरीनाला सहन होईना. तिनं पिशवीची चेन ओढून घेतली.

"काय आणलंयस त्यात?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, काकू. ऑफिसचं आहे."

परतताना गाडीत तिनं एक गोष्ट बदलायचं ठरवलं. कानातलं यंत्र चालू झालं हे कळावं म्हणून सुरुवातीला एखादा आवाज असावा, असा नियम असतो. बहुतेक ठिकाणी नुसतं 'टुंग' वाजतं. झरीनानं घरी जाऊन दार लावलं आणि आपल्या आवाजात तीन शब्द ध्वनिमुद्रित केले. "दस्तगीर मुजावर, मिरज." ते तिनं कोष्टकाच्याच फाइलीत, अगदी सुरुवातीला घातले. नाव वर लावलं, की कुणीही उद्या खरवडून काढतो. आता ते आत होतं. काढलं, की ठसा बदलणार. आणि मंडळाची मान्यता ठशाला असते, पॅकेजच्या नावाला नव्हे. तिनं मान्यतेचा अर्ज नव्या ठशासाठी पुन्हा भरला. चाचण्या जुन्याच लागू होत असल्यानं ती मुदतीच्या आत मिळाली.

महिना संपत आला. निनादनं आपल्या ग्राहकांना एका शब्दानं काही कळवलं नाही. विक्रांतला खात्री होती.

*

तो सोमवार होता. सकाळी यंत्रं उठू लागली, ठसे पडताळू लागली, आणि कोठारच्या पडद्यावर निनादच्या नावापुढं लाल खुणा पडत गेल्या. झरीना उभी राहून बघत होती.  तिला जे वाटत होतं ते सुख होतं. तिनं त्याला दुसरं नाव दिलं नाही.

थोड्याच वेळात सरमळकर मॅडम जवळजवळ धावत आल्या.

"रुग्णालयांचे फोन येतायत. माणसांना काहीच ऐकू येत नाहीये. बोलणंसुद्धा नाही. यंत्रं पार बंद पडलीत."

"साधी अवस्था असते त्यात. कायद्यात आहे."

"कायद्यात आहे. यंत्रात आहे का? तू बघितलं होतंस?"

झरीनानं बघितलं नव्हतं. आता बघितलं. निनादनं साधी अवस्था कधीच काढून टाकली होती. ती असती, तर वर्गणी थांबवलेल्या माणसाला थोडंफार ऐकू येत राहिलं असतं आणि तो परत आला नसता. म्हणून सूर नाही तर काहीच नाही, अशी रचना त्यांनी गुपचूप केली होती.

"मागं घेतलेलं परत ठेवता येतं," मॅडम म्हणाल्या. "तुझी एक सही लागेल. आत्ता कर. उद्या त्याचा हा गुन्हाही बाहेर काढू आपण."

झरीना खुर्चीत बसली. पडद्यावर सहीची चौकट उघडी होती. बोट टेकवायचं, एवढंच.

"त्याची सही लागेल," ती म्हणाली. "माझी नाही."

"झरीना, ही माणसं आहेत."

"हो. आणि त्यांचं यंत्र दोन मिनिटांत चालू करणं त्याच्या हातात आहे. नवी जवारी तिथं ठेवलीय. मान्यता आहे. फुकट आहे. त्यानं फक्त लिहून द्यायचंय."

मॅडमनी विक्रांतला फोन लावला. तो उचलत नव्हता. दुपारी बातमी आली. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात सिद्राम कोळेकर नावाचा तरुण कामगार ऊस वाहणाऱ्या पट्ट्यापाशी उभा होता. पट्टा सुरू व्हायची घंटा त्याला ऐकू आली नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली.

मॅडमनी बातमी वाचून दाखवली आणि झरीनाकडं न बघता बाहेर गेल्या. झरीना त्या उघड्या चौकटीसमोर बसून राहिली. सही करायला सकाळीही एक क्षणच लागला असता.

त्यानंतर थोड्या वेळानं विक्रांतचं निवेदन आलं. 'स्वरांकुर या पॅकेजचा गाभा हा झरीना दस्तगीर मुजावर यांच्या जवारी या पॅकेजमधून, त्यांच्या परवानगीशिवाय आणि त्यांचं नाव काढून घेतलेला आहे.' खाली त्याची सही. निनादची यंत्रं नव्या ठशाला जोडली गेली. संध्याकाळी हजारो घरांत, हजारो कानांत तेच तीन शब्द वाजले आणि मग इतर आवाज सुरू झाले.

विक्रांतनं तिला एकदाच फोन केला. "आई दिवसभर भिंतीकडं बघत बसली होती," तो म्हणाला. "मी बोलत होतो आणि ती माझ्या ओठांकडं बघत होती. झालं तुझं समाधान?"

"अब्बा माझ्या ओठांकडं असेच बघायचे," झरीना म्हणाली. त्यानं फोन ठेवला.

चौकशी झाली. साधी अवस्था काढल्याबद्दल निनादवर खटला भरला गेला, संचालक मंडळानं विक्रांतला काढलं, आणि तो ज्या इमारतीत शिरताना लोक उठून उभे राहत, तिथं त्याला दारावर नोंद करून जावं लागू लागलं. झरीनावर ठपका आला नाही. तिनं कायदा पाळला होता. मात्र सरमळकर मॅडम तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या, आणि पुढं तिनं स्वतःच बदली मागून घेतली.

सिद्रामला भेटायला ती गेली. तो खाटेवर उशाला टेकून बसला होता. यंत्र कानाला होतं. तिनं नाव सांगितलं तेव्हा तो उत्सुकतेनं सरसावला.

"मुजावर? ते सकाळी मशीन बोलतं, ते तुमचे कोण?"

"वडील."

"आमच्या वस्तीत मशीनलाच दस्तगीर म्हणायला लागलेत. दस्तगीर लाव, दस्तगीर चार्ज कर." तो हसला. "पण गाणं लई भारी येतं बघा ऐकू." बोलता बोलता त्यानं बँडेज बांधलेला हात चादरीखाली घेतला, पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणून.

त्या सोमवारी सकाळी सही करता आली असती, हे ती त्याला सांगायला आली होती. सांगितलं नाही. काय करता येईल ते विचारलं, त्याच्या भावाचा नंबर घेतला, आणि ती बाहेर पडली.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी तिला काकूंचा फोन आला.

"झरीना, मी बोलतेय."

"बोला, काकू. यंत्र बरं चालतंय?"

"चालतंय की." त्या थांबल्या. "सकाळी उठल्यावर पहिलं नाव देवाचं घ्यायची सवय गं माझी. जन्माची. आता यंत्र लावलं की आधी तुझ्या वडिलांचं येतं. तुझ्या आवाजात. रोज. न लावावं, तर नातवाचं बोलणं ऐकू येत नाही."

झरीनानं हातातला कप खाली ठेवला.

"माझ्यापुरतं काढ की. म्हातारीची एवढी मागणी."

"तुमच्यापुरतं वेगळं नसतं, काकू. कोठारात ती एकच फाइल आहे. तुम्हीही तीच लावता आणि कारखान्यातला कामगारही. तिच्यातून एक अक्षर गेलं, तर ती ती राहत नाही."

"म्हणजे मरेपर्यंत?"

"हो."

पलीकडं भांड्याचा आवाज आला, कुणीतरी नळ बंद केला. काकूंचा आवाज पुन्हा आला तेव्हा तो खाली गेला होता.

"शेवटी शेवटी तुझ्या वडिलांना काहीच ऐकू येत नव्हतं?"

"नाही."

"तू जवळ होतीस?"

"होते."

"मग काय बोलत होतीस गं त्यांच्याशी?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ना मॅडमनी, ना चौकशीवाल्यांनी, ना घरातल्यांनी. फोन कानाशी घट्ट धरून झरीना खिडकीशी उभी राहिली. 

"ते त्यांना ऐकू गेलं नाही, काकू," ती म्हणाली. "तुम्हालाही जाणार नाही."

आणि तिनं फोन ठेवला.